काटेवाल्यांच्या मुलीचं वजन

काटेवाले दुकानात शिरले की भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे जरा ताठ उभे राहायचे. खरं तर ते आलेले असायचे बिघडलेला वजनकाटा दुरुस्त करायला; पण माणूसच असा, की त्यांच्यासमोर उगाच आपल्याकडून काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. उंची बेताची, मिशी बारीक, शर्टाच्या खिशात धूळ झटकायचा छोटा ब्रश आणि हातात लाकडी पेटी. पेटीत निळं मखमल, आणि मखमलीतल्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत. ही वजनं दुकानाच्या काट्यावर एकेक ठेवायची, काटा काय सांगतो ते बघायचं आणि खोटं सांगत असेल तर त्याचे कान पिळायचे, हा त्यांचा धंदा. बावीस वर्षांत त्यांनी वजनाला उघडं बोट लावलं नव्हतं. रुमालाने धरायचे, बोटाचा घाम लागला तर वजनात फरक पडतो म्हणून.

एकदा एका किराणावाल्याशी त्यांचं चाळीस ग्रॅमवरून चांगलंच वाजलं. गंमत म्हणजे तो काटा गिऱ्हाइकाला चाळीस ग्रॅम जास्त देत होता. "राहू दे हो, गिऱ्हाईक खूश आहे, मीही खूश आहे," असं तो भला माणूस म्हणाला आणि फसला. काटेवाल्यांनी त्याला भर दुकानात सुनावलं, "खोटं ते खोटं. ते कुणाच्या फायद्याचं आहे, हे काट्याने बघायचं नसतं."

अशा माणसाच्या घरी मुलगी जन्माला आली ती भिंगरी. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. पण ती चालायला लागली त्याच आठवड्यात आत्याने, म्हणजे काटेवाल्यांच्या मोठ्या बहिणीने, हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. भिंगरी खुर्चीवर बसायची तर पाय वर आणि डोकं खाली. एक बूट घालून दुसरा शोधायला निघायची आणि तासाभराने सापडायची ती शेजाऱ्यांच्या मांजराशी गप्पा मारताना, तीही अनवाणी. काटेवाल्यांच्या कामाची पहिली अट अशी, की काट्यावर ठेवलेली वस्तू हलता कामा नये. त्यांच्या घरात एकच वस्तू सदानकदा हलत असायची आणि नेमका तिच्यातच त्यांचा सगळा जीव अडकलेला होता.

आठव्या वर्षी शाळेने हात टेकले. मग डॉक्टरीणबाईंकडे चकरा झाल्या. त्यांनी तास तासभर विचारपूस केली, शाळेकडून फॉर्म भरून आणवले आणि एके दिवशी सांगितलं, "एडीएचडी आहे. मुलगी हट्टी नाही, आळशी नाही, तुमचे लाडही नडलेले नाहीत. लक्ष एका जागी धरून ठेवायला आणि अंगाला थांब म्हणायला तिला आपल्यापेक्षा खूप जास्त कष्ट पडतात, एवढंच." हे ऐकून काटेवाल्यांची बायको तिथेच रडायला लागली. ती ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची, तोंडाने फटकळ होती आणि सहसा रडणाऱ्यांतली नव्हती. पण "लाडावून ठेवलीये" हे आठ वर्षं ऐकून तिचे कान किटले होते.

बातमी कळताच आत्या पदर खोचून कामाला लागली. तिच्या फोनवर रोज कुठूनतरी ज्ञान येत असे. "साखर बंद कर, सगळं साखरेनेच होतं," असं तिने पहिल्या आठवड्यात भावाला बजावलं. दुसऱ्या आठवड्यात दूध बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात गहू. मग जे जे लाल किंवा नारिंगी दिसेल ते सगळं. चौथ्या आठवड्यात भिंगरीच्या ताटात उकडलेला बटाटा आणि आत्याचा आत्मविश्वास एवढंच उरलं. भिंगरी शांत झाली नाहीच, नुसती उपाशी आणि चिडकी झाली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "साखरेने एडीएचडी होत नाही आणि साखर तोडून तो जातही नाही. गोड हात राखून द्या, कुणाही मुलाला द्यावं तसं. पण वाढत्या पोरीचं निम्मं अन्न काढून घेऊन काय साधलंत?" अन्न परत ताटात आलं आणि जोडीला सकाळची एक गोळी सुरू झाली.

गोळीने जादूबिदू केली नाही. भिंगरी भिंगरीच राहिली. पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला लागली, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायला लागली. आणि तिसऱ्या आठवड्यात तिने दप्तरातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण. आठ वर्षांतलं पहिलंच. भिंगरीने ते चिकटपट्टी लावून फ्रिजच्या दारावर डकवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा, वाचून दाखवलं. वाढदिवस होऊन गेला तरी कार्ड तिथेच राहिलं. ते काढायचा कुणाला धीर झाला नाही.

पण गोळीने एक घोळ घातला. भिंगरीची भूक मेली. दोन महिन्यांत ती बावीस किलो चारशेवरून एकवीस चारशेवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात वजन वाढायला हवं, हिचं उतरतंय. दोन महिने बघू. बावीसच्या आसपास गाडी आली नाही, तर गोळी कमी करावी लागेल, कदाचित काही दिवस बंदच." भिंगरी त्या वेळी खुर्चीवर उलटी लटकून छताचा पंखा बघत होती. तिचं लक्ष नाही असं मोठ्यांना वाटलं. मोठ्यांना असं नेहमीच वाटायचं आणि ते नेहमीच फसायचे.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. काटेवाल्यांनी तिचं नाव मनातल्या मनात आहारताई ठेवून टाकलं. ती हसतमुख होती आणि तिच्या टेबलावर काटा नव्हता, हे त्यांना पहिल्याच क्षणी खटकलं. तिने अंडी, दही, केळी, दाणे, लोणी लावलेला ब्रेड अशी साधी यादी सांगितली आणि म्हणाली, "पंधरा दिवस एक टिपण ठेवा. काय खाते, कधी खाते आणि तेव्हा कशी असते. अंदाजे चालेल. मग पुढचं ठरवू."

"अंदाजे" हा शब्द काटेवाल्यांनी ऐकलाच नाही. बावीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कारभार सुरू झाला. शाळेचा डबा निघताना काट्यावर, आला की पुन्हा काट्यावर. मधला फरक म्हणजे भिंगरीच्या पोटात गेलेलं अन्न. केळ्याचं वजन साल काढून, अंड्याचं कवच सोलून. ब्रेडचा चुरा ब्रशने गोळा करून तोही वजनात धरायचा. सगळं हिरव्या वहीत, ग्रॅममध्ये. आणि एक कडक नियम होता, काट्यावर चढल्याशिवाय तोंडात काही जायचं नाही, नाहीतर हिशेब बिघडतो. आता कुणाचा हात लागून बिघडू नये म्हणून घरचा काटाही त्यांच्या कामाच्या पिशवीतून रोज बाहेर जायचा आणि साडेसातला त्यांच्याबरोबर परत यायचा. बायको आठवड्यातच वैतागली.

"अहो, पोरगी संध्याकाळी भूक भूक करते. मी काय काटा यायची वाट बघू?"

"अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे. मध्येच काहीबाही दिलंस तर आकड्यांना काय अर्थ राहिला?"

"तुमच्या आकड्यांना खाऊ घालते मग," असं म्हणून ती भांडी आपटायला लागली. भांडी त्या घरात पुष्कळ आपटली जायची. साडेसातला काटा यायचा तोवर भिंगरीची भूक चिडीवर, चीड रडण्यावर आणि रडणं झोपेवर गेलेलं असायचं.

वही मात्र झकास चालली होती. डबा रोज हलका होऊन येत होता. दोनशे ऐंशी, तीनशे दहा, एकदा तर तीनशे चाळीस. त्या दिवशी काटेवाले घरभर शीळ घालत फिरले. पण दर रविवारी ते भिंगरीलाही काट्यावर उभी करायचे आणि तिथे उलटीच गंगा. एकवीस चारशे, एकवीस तीनशे, एकवीस दोनशे. त्यांनी घरचा काटा पितळी वजनांनी तीनदा तपासला. काटा चोख होता. माणसांचं वजन करायचा काटाही तपासला, तोही चोख. मग अन्न जात कुठे होतं? आहारताईची पंधरा दिवसांची भेट त्यांनी दोनदा पुढे ढकलली, आकडे अजून जुळत नाहीत म्हणून. असा महिना गेला.

उत्तर शाळेत सापडलं. शाळेच्या स्वयंपाकघरातला धान्याचा काटा अडकत होता म्हणून त्यांना बोलावणं आलं. काटेवाले ओट्याजवळ वाकून स्प्रिंग साफ करत होते आणि मधली सुट्टी झाली. खिडकीतून समोर मैदान दिसत होतं. मैदानाच्या कडेला भिंगरी डबा उघडून उभी होती आणि तिच्यापुढे पोरांची रांग. अर्धं अंडं एकाला, अर्धं दुसऱ्याला. ब्रेड तिसरीला. केळ्याचे चार तुकडे चौघांना. दाणे चिमण्यांना. शेवटी तिने डबा उलटा करून झटकला, तळहातावर ठेवून वरखाली केला, हुबेहूब बाप करतो तसा, आणि समाधानाने झाकण लावलं.

काटेवाले ब्रश हातात घेऊनच बाहेर धावले. "हे काय चाललंय गं?"

बाप शाळेत कसा, हा प्रश्न भिंगरीला पडलाच नाही. "डबा हलका करतेय."

"का?"

"तुला आवडतं ना? डबा हलका आला की तू शीळ घालतोस."

"आणि तू? तू काय खाल्लंस?"

"मला दुपारी भूकच नसते, बाबा. तोंडात घास फिरत राहतो. मला पाच वाजता लागते. खूप लागते."

"मग पाच वाजता सांगायचं नाही का?"

"सांगते की रोज. आई म्हणते, थांब, बाबा काटा घेऊन येतील."

मैदानात पोरांचा गलका चालला होता. काटेवाल्यांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. ज्या पोरीला आपण रोज ग्रॅमग्रॅमने मोजत होतो, तिला आपणच रोज संध्याकाळी उपाशी ठेवत होतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांनी स्वयंपाकघरातला काटा तसाच उघडा टाकून त्याच दुपारी आहारताईचं दार गाठलं. अर्धवट काम सोडून ते आयुष्यात पहिल्यांदाच निघाले होते.

आहारताईने हिरवी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. "एवढी नीट वही मी आजवर पाहिली नाही," ती म्हणाली. काटेवाल्यांनी मान खाली घातली. "पण यात वेळ कुठे आहे?"

"वेळ?"

"मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. काय, कधी, आणि तेव्हा कशी असते. तुम्ही चौथीच लिहून आणलीत, किती." मग तिने समजावलं, की या गोळीने दुपारची भूक जाते आणि संध्याकाळी उतरली की दामदुपटीने येते. तेव्हा भांडण दुपारशी करायचं नाही. सकाळी गोळीच्या आधी भरपेट नाश्ता. दुपारी जाईल ते चार घास, नाही गेले तर नाही. पाच वाजता खरं जेवण, बिस्किटांवर भागवायचं नाही. रात्री सगळ्यांबरोबर थोडं आणि झोपताना दूध नाहीतर केळं. उभी राहून खाल्लं, चालत खाल्लं, तरी टोकायचं नाही. "आणि काटा महिनाभर पेटीत."

"आणि वजन कसं कळणार?"

"आम्ही करू ना. आमच्याकडे काटा आहे."

"माहीत आहे," काटेवाले पडेल आवाजात म्हणाले. "मीच लावलाय तो."

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि नवल म्हणजे एकही भांडं आपटलं नाही. नुसता हात पुढे केला. काटेवाल्यांनी घरचा काटा तिच्या हातात दिला आणि तिने तो कपाटात चादरींच्या मागे ठेवून किल्ली कमरेला लावली. बायको सुटून घरी यायला सव्वापाच व्हायचे, म्हणून पाचची पाळी आत्याकडे गेली. साखर, दूध आणि गहू बंद करणारी हीच ती आत्या, आता रोज साडेचारला येऊन लोण्यात अंडी परतायला लागली आणि फोनवर ज्ञान आलं की न वाचताच पुढे ढकलायला लागली.

सकाळी भिंगरी नाश्ता करायची तो टेबलाभोवती फिरत. एक फेरी, एक घास. काटेवाले तिच्याकडे बघत बसले की बायको चहा ओतता ओतता म्हणायची, "फेऱ्या मोजू नका." ते निमूटपणे खिडकीबाहेर बघायचे. अंडं सोलताना मात्र सवय जात नसे. तळहातावर तोलायचे आणि पुटपुटायचे, "पन्नास."

"अहो!"

"काही नाही, काही नाही."

महिना असा गेला. भिंगरीच्या गालांवर जरा तकाकी आल्यासारखी वाटत होती, पण "वाटणं" या गोष्टीवर काटेवाल्यांचा आयुष्यात कधी भरवसा नव्हता. तपासणीच्या दिवशी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यातच कामावर पेटी उघडली तर मखमलीतला एक खळगा रिकामा, अर्धा किलोचा. असं कधी झालं नव्हतं. काल कुठल्या तरी दुकानात राहिलं असेल, डोकं ठिकाणावर आहे कुठे आपलं, असं म्हणून त्यांनी पेटी मिटली.

बायकोला रजा मिळाली नाही. दुपारी बापलेकच दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी भिंगरीला काट्यावर चढायला सांगितलं. भिंगरी चढली आणि उभी राहिली. आकडे लुकलुकले आणि थांबले. बावीस किलो तीनशे.

"अरे वा!" नर्सबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला वळल्या. बावीस तीनशे! गोळी वाचली. फ्रिजवर दुसरं कार्ड लागणार.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की भिंगरी हलत नाहीये. गुडघा नाही, बोट नाही, मानसुद्धा नाही. आठ वर्षांत त्यांनी तिला अशी उभी कधी पाहिली नव्हती. तिचा डावा हात पँटच्या खिशावर घट्ट दाबलेला होता आणि खिसा खाली ओढला गेला होता. तो झोक त्यांनी पाहताक्षणी ओळखला. बरोबर अर्धा किलो.

नर्सबाई लिहीत होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. गप्प राहिलं तर गोळी चालू राहत होती आणि पोरगी हसत घरी जात होती. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. काटेवाल्यांना तो किराणावाला आठवला आणि आपण त्याला किती ऐटीत सुनावलं होतं तेही आठवलं. पण त्यांचं तोंड उघडलं ते नियमापायी नव्हे. त्यांना पोरीची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. आधी तिने डबा हलका केला होता, आता स्वतःला जड केलं होतं. दोन्ही वेळा बापाच्या चेहऱ्यासाठी.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "खिशातलं दे बघू, बाबाला."

भिंगरीने वजन काढलं. रुमालात गुंडाळलेलं होतं. बोटाचा घाम लागू नये म्हणून.

"गोळी बंद झाली तर मला कुणी बोलावणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि तू शीळ घालणार नाहीस."

"शीळ काय, ती मी आत्तासुद्धा घालेन," काटेवाले म्हणाले आणि घालायला गेले, पण नुसती हवाच निघाली. भिंगरीला हसू फुटलं. तेवढ्या हसण्याने काट्यावरचे आकडे पुन्हा नाचायला लागले आणि बऱ्याच वेळाने थांबले. एकवीस किलो आठशे.

डॉक्टरीणबाईंपुढे काटेवाल्यांनी सगळं सांगितलं, वहीसकट, रांगेसकट. "मधे एकवीस दोनशेला गेली होती. माझ्यामुळे."

"म्हणजे एका महिन्यात सहाशे ग्रॅम वर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी भिंगरीकडे बघितलं, ती पुन्हा खुर्चीवर उलटी लटकली होती. "मी बावीसच्या आसपास म्हटलं होतं. ही आसपासच आहे, आणि वरच्या दिशेने निघालीये. गोळी चालू राहू दे. आणि पुढच्या वेळी खिसे रिकामे हं!"

काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. बाहेर आले तेव्हा पाच वाजत होते आणि भिंगरीला पाचची भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या बेकरीतून त्यांनी बन, उकडलेली अंडी आणि दुधाची बाटली घेतली. भिंगरी रस्त्याकडेच्या बाकाभोवती फिरत खायला लागली. एक फेरी, एक घास. काटेवाले बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसले. अर्धा किलो आपल्या खळग्यात परत गेला होता. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, काय झालं?"

"एकवीस आठशे. गोळी चालू आहे."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. मग नाक ओढल्याचा आवाज. "आणि आत्ता काही खाल्लं का तिने?"

"खाल्लं की."

"किती?"

काटेवाल्यांनी भिंगरीकडे बघितलं. ती फेऱ्या थांबवून त्यांच्यासमोर येऊन उभी होती, ओठांवर दुधाची मिशी, हातात उरलेला बनचा तुकडा. तो तिने बापाच्या हातावर ठेवला. तळहातावर आल्या आल्या त्यांनी तो तोंडात टाकला.

"पोटभर," ते म्हणाले.

मग बायकोने विचारलं, "कोण बोलतंय?"